एक वाजताचं कुलूप

माझी धाकटी बहीण ईटा दोन लायब्रऱ्यांत अर्धी-अर्धी नोकरी करते. मंगळवार-गुरुवार आमच्या किलमोरनमधली कॅथीड्रलमागची जुनी लायब्ररी, आणि बुधवार, शुक्रवार, शनिवार बॅलीदूनची सरकारी. मी तिला कायम म्हणत आले, "एक ना धड, भाराभर चिंध्या. कुठलीतरी एक पूर्ण नोकरी बघ." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "पूर्ण नोकरी कोण देतंय, नोरीन? तू देतेस का तुझ्या दुकानात?" माझं केस कापायचं दुकान आहे. ईटाच्या हातात कात्री दिली तर गिऱ्हाईक एक कान कमी घेऊन घरी जाईल, म्हणून मी तो विषय तिथेच सोडायचे.

दोन नोकऱ्या म्हणजे दोन पगार असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन साहेब, किल्ल्यांचे दोन जुडगे, दोन प्रकारचे नियम, आणि ते सगळं सांभाळायला डोकं मात्र एकच. त्यातून ईटाचा स्वभाव लहानपणापासून काळजीखोर. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे बघायला ती एकदा अर्ध्या रस्त्यातून परत आली होती, आणि तेव्हा आमच्या घरी गॅसच नव्हता, कोळशाची शेगडी होती.

बॅलीदूनच्या लायब्ररीत मुलं येतात, आरडाओरडा करतात, पुस्तकं घरी नेतात आणि जॅम लावून परत आणतात. तिथला नियम असा, की संध्याकाळी बंद करण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात, अगदी संडासातसुद्धा डोकावून "आत कुणी आहे का?" असं मोठ्यानं विचारायचं आणि मगच कुलूप लावायचं.

जुन्या लायब्ररीचं सगळंच उलटं. तिथली पुस्तकं तीनशे वर्षांपूर्वी एका बिशपनं जमवलेली. ती कुणी घरी नेत नाही. आत चहा नाही, बिस्कीट नाही, शाईचं पेन नाही, फक्त पेन्सिल. आणि दुपारी एक वाजता ईटा जेवायला निघते तेव्हा वाचक आत असेल, तर त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं. कुणा एका पाद्रीबाबानं फार पूर्वी कोटाखाली पुस्तक लपवून नेलं, तेव्हापासूनची ही रीत. वाचकाला आधी विचारतात. ज्याला धास्ती वाटते तो बाहेर जातो, बाकीचे खुशाल बसून राहतात. दाराशी आतल्या बाजूला एक दोर लोंबतो. तो ओढला की बाहेरच्या भिंतीवरची घंटा वाजते. ईटा जेवायला माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत येते, दुकान रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे घंटा वाजलीच तर तोंडातला घास संपायच्या आत ती दाराशी. बाहेरगावच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

आता मॅलकी क्रीगनबद्दल सांगायला हवं. मॅलकी आमच्या दूध डेअरीतून निवृत्त झालेला. बायको गेली, मुलाकडे राहतो. सून जॅसिंटा वाईट नाही, उलट जरा जास्तच चांगली आहे. गोळी घेतली का, मफलर बांधला का, जेवलात का, असं विचारत ती दर थोड्या वेळानं फोन करते. मॅलकीचं हृदय नाजूक आहे हे खरं, पण त्या फोननंच ते बंद पडेल असं तो म्हणायचा. दर मंगळवारी आणि गुरुवारी तो जुन्या लायब्ररीत येऊन एका जुन्या पाद्र्याची हवामानाची रोजनिशी उतरवून घेतो. आज पाऊस, आज पाऊस आणि वारा, आज नुसता वारा. आमच्या देशात दोनशे वर्षांपूर्वीही पाऊस पडत होता हे शोधून काढायला एवढं डोकं फोडायची काय गरज, असं मी त्याला केस कापताना विचारलं होतं. तो म्हणाला, "नोरीन, एका जूनमध्ये सलग आठ दिवस ऊन पडलं होतं. मला वाचताना घाम फुटला."

मला वाटतं तो त्या पावसासाठी येत नव्हताच. तो येत होता एक वाजण्यासाठी.

एक वाजला की ईटा म्हणायची, "कोंडतेय हं, मॅलकी."

"कोंड पोरी. आणि किल्ली नदीत टाक." मग तो खिशातून फोन काढून तिच्या हातात द्यायचा. "आणि हे भूत तुझ्याबरोबर घेऊन जा."

ईटा सँडविच खाता खाता जॅसिंटाचे फोन घ्यायची. "हो, आहेत. हो, ठीक आहेत. नाही, मफलर काढलेला नाही." आणि तिकडे मॅलकी तासभर राजा. मला त्यानं एकदा सांगितलं होतं, "बाहेरून कुलूप असलं की माझ्यापर्यंत कुणी पोचत नाही. तशी शांत झोप मला घरी लागत नाही."

"म्हणजे तुम्ही तिथे वाचता की झोपता?"

"दोन्ही. पण ईटाला सांगू नकोस, तिला वाटतं मी विद्वान आहे."

तो नोव्हेंबरातला गुरुवार. बॅलीदूनच्या लायब्ररीतल्या शोनाची दाढ काढायची ठरली आणि दुपारपुरतं तू ये, असा ईटाला दोन दिवस आधी फोन आला. तिला नाही म्हणता येईना. तिथे पुढेमागे पूर्ण जागा निघणार असं बोललं जात होतं, आणि जी कायम हो म्हणते तिचंच नाव वर जातं. मग ती परवानगी मागायला डीनसाहेबांकडे गेली. हे डीन बॉइड म्हणजे कॅथीड्रलचे मुख्य धर्मगुरू. जुन्या लायब्ररीची दुसरी किल्ली त्यांच्याचकडे. माणूस दुष्ट नाही, पण बोलताना कायम दुसऱ्याच्या अंत्यविधीला आल्यासारखा. त्यांनी परवानगी दिली, पण सुनावल्याशिवाय नाही. "दोन घरचा पाहुणा उपाशी, मिस ईटा. सप्टेंबरात तुम्ही उशिरा आलात. ऑक्टोबरात खिडकी उघडी राहिली. ही लायब्ररी चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का, असं समितीतले लोक मला विचारताहेत. पुन्हा काही झालं, तर मी तुमची बाजू घेऊ शकणार नाही."

त्या रात्री ईटा माझ्याकडे येऊन रडली. खिडकी तिनं नव्हे, वाऱ्यानं उघडली होती. पण वाऱ्याला कोण नोटीस देणार? जुनी लायब्ररी बंद झाली तर तिची अर्धी नोकरी जाणार, आणि उरलेल्या अर्ध्या नोकरीवर घरभाडंसुद्धा भागणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तर त्या गुरुवारी तिला एक वाजता दार लावून, "आज दुपारी लायब्ररी बंद" असा कागद चिकटवून लगेच बॅलीदूनची बस पकडायची होती. कागद तिनं सकाळीच लिहून ठेवला होता. चिकटपट्टी खिशात घालून ठेवली होती. बस चुकू नये म्हणून साडेबारापासून तिचा एक डोळा घड्याळावर. एक वाजला. ती उठली, कोट घातला, आणि तोंडातून नेहमीचंच वाक्य बाहेर पडलं, "कोंडतेय हं, मॅलकी."

"कोंड पोरी. आणि किल्ली नदीत टाक."

फोन तिनं घेतला. बाहेर येऊन कुलूप लावलं. दारावर कागद चिकटवला. आणि बस पकडायला धावली.

मी तिला नंतर विचारलं, "अगं, तो कागद चिकटवताना तरी?" ती म्हणाली, "कागद चिकटवताना मी कागद वाकडा लागलाय का ते बघत होते."

तिला कळलं ते बॅलीदूनला, गोष्टीच्या तासाला. पंधरा-वीस मुलं सतरंजीवर बसलेली, ईटा त्यांना कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवतेय, आणि भिंतीवर अडकवलेल्या तिच्या कोटातून एक गाय हंबरली. मॅलकीच्या फोनचा आवाज तसाच आहे; बसच्या खडखडाटात तो तिला ऐकू आला नव्हता. डेअरीत काम केलेला आजा म्हणून नातवंडांनी घालून दिलेला. मुलं खदाखदा हसायला लागली, दोघंतिघं उलट हंबरली. ईटा हसत हसत उठली आणि कोटाच्या खिशात हात घातला. हा फोन आपला नाही, एवढंच आधी तिला कळलं. मग त्यावर जॅसिंटाचं नाव दिसलं. मग सगळंच कळलं.

मुलांना चित्रं रंगवायला लावून तिनं पुस्तकांच्या मांडणीमागे उभं राहून मला फोन केला. मी मिसेस टूहींच्या डोक्याला रोलर लावत होते.

"नोरीन, मी मॅलकीला कोंडून आले."

"बरं मग? रोजच कोंडतेस."

"मी बॅलीदूनला आहे."

माझ्या हातातला रोलर खाली पडला. बाहेर बघितलं तर दिवेलागण झालेली, आणि एक केव्हाच वाजून गेलेला.

"घाबरू नकोस," मी म्हणाले, पण घाबरले मीच होते. "आत उजेड आहे, खुर्ची आहे. वाचत बसला असेल."

 तिच्यामागे मुलांचा कलकलाट चालला होता. मग ती म्हणाली, "दिवसभराचं बंद करून निघताना बाहेरच्या पडवीतला विजेचा मोठा खटका खाली करायचा असतो. तारा जुन्या आहेत म्हणून. जेवायला जाताना मी तो करत नाही. आज केला. मला आठवतंय, आज केला." मग एकदम, "त्यांची तीनची गोळी, नोरीन! ती खाऊन झाल्यावर घ्यायची असते. तेवढ्यासाठीच जॅसिंटा फोन करतेय. बघ, परत हंबरतोय. उचलू का?"

"उचलून काय सांगणार आहेस?"

"मग नको उचलू?"

"ईटा, मी जाऊन बघते. तू फोन हातात ठेव. तुझा. त्याचा नको."

मिसेस टूहींना अर्ध्या रोलरांनिशी तिथेच सोडून मी रस्ता ओलांडला. आणि ओलांडताना मला आठवलं. घंटा वाजली होती. दुपारी मी एका बाईचे केस धूत असताना ती घंटा वाजली होती, थांबली होती, पुन्हा वाजली होती. बाईंनी विचारलंही होतं की हे काय चाललंय. मीच म्हणाले होते, घड्याळवाले असतील. त्या आठवड्यात कॅथीड्रलच्या मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्त करायला माणसं आली होती आणि दिवसभर वेळीअवेळी ठणाठणा करत होती. ईटा गावात नाही हे मला ठाऊक होतं, लायब्ररी बंद आहे हेही ठाऊक होतं. मग तिथली घंटा कशाला वाजेल? सगळ्या गावानं ती घंटा ऐकली होती आणि सगळ्या गावानं घड्याळवाल्यांना नावं ठेवली होती.

पडवीतला खटका खाली होता. मी तो वर केला. दार म्हणजे ओकचं चार बोटं जाड लाकूड, आणि खिडक्या उंच. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "मॅलकी! मी नोरीन!" किल्लीच्या भोकाला तोंड लावून हाका मारल्या. मग तिथेच कान लावला.

आत काही म्हणजे काही नाही. खोकलासुद्धा नाही.

मी ईटाला फोन लावला. माझा आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला, पण सख्ख्या बहिणीला काय फसवणार? "उत्तर देत नाहीये," मी म्हणाले. "झोपला असेल. त्याला झोप लागते तिथे, मला माहीत आहे. तू असं कर, मी गाडी काढते, तुला आणि किल्लीला घेऊन येते. कुणाला काही कळायला नको."

खरं सांगते, मला ते जमण्यासारखं वाटत होतं. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. दोनशे पावलांवर डीनसाहेबांचं घर होतं आणि त्यांच्या दिवाणखान्यातला दिवा मला तिथून दिसत होता. पण त्या दिव्याकडे गेलं की ईटाची नोकरी गेली. माझी बहीण आहे ती. मी त्या दिव्याकडे पाठ केली होती.

ईटानं विचारलं, "हाक मारलीस तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला?"

"नाही."

"मग डीनसाहेबांकडे जा."

"ईटा, विचार कर."

"केला. जा तू. पळ. आणि फोन ठेव, मला जॅसिंटाचा घ्यायचाय."

जी बाई गॅससाठी अर्ध्या रस्त्यातून परत यायची, तिनं हे एका दमात सांगितलं. मी पळाले.

डीनसाहेब सपाता घालून, हातात चहाचा कप घेऊन दाराशी आले. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण त्यांनी कप तिथेच जिन्यावर ठेवला आणि किल्ली घेऊन तसेच सपातांनिशी चिखलातून चालू लागले. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "किती वाजल्यापासून?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, ईटाचं संपलं. आणि लगेच वाटलं, नोकरी गेली तर गेली, पण आत म्हातारा नीट असू दे. देवापाशी मी कधी एवढं मनापासून काही मागितलं नसेल.

दार उघडलं. दोराचं टोक तुटून जमिनीवर पडलं होतं. डीनसाहेब पुढे बघत चालले होते, त्यांना ते दिसलं नाही. मी ते पायानं कपाटाखाली सारलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

मॅलकी अगदी टोकाच्या टेबलाशी, त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसला होता. जिवंत. डोळे उघडे. समोर ती रोजनिशी, जुन्या पुस्तकांखाली ठेवतात त्या उशीवर, उघडी. थंडी एवढी की माझ्या तोंडातून वाफ निघत होती, आणि त्यानं कोट अंगात घातला नव्हता. मांडीवर पसरला होता, गुडघ्यांच्या खालपर्यंत.

"मिस्टर क्रीगन!" डीनसाहेब म्हणाले. "देवा! हे काय? या बाईनं तुम्हाला इथे—"

"या, डीनसाहेब," मॅलकी बसल्या बसल्या म्हणाला. "माफ करा, तुम्हाला उगीच त्रास झाला. मीच म्हणालो होतो तिला."

"काय म्हणालात?"

"संध्याकाळपर्यंत कोंड म्हणालो. ती तयार नव्हती. मीच हट्ट धरला. या आमच्या रोजनिशीवाल्या पाद्रीबाबांनी लिहिलंय की नोव्हेंबरात दुपारीच अंधार पडतो आणि दिव्यात घालायला तेल नाही. म्हटलं वर्षभर उतरवून घेतोय, एकदा बसून तरी बघू, कसं वाटायचं त्यांना ते."

"अंधारात?"

"दिवाही तिला मीच बंद करायला लावला."

 मग मी डीनसाहेबांना कधी नव्हे ते हसताना बघितलं. "आणि कसं वाटतं?"

"गार," मॅलकी म्हणाला.

डीनसाहेबांनी त्याचा खांदा थोपटला. अशी निष्ठा आता कुठे बघायला मिळते, असं काहीतरी बोलले. ते बोलत होते आणि मी मॅलकीकडे बघत होते. हा माणूस माझ्या दुकानात कुणी बाई आली तर अर्ध्या कापलेल्या केसांनिशी खुर्चीतून उठून उभा राहतो. मी बसा बसा म्हणून थकते. आणि आज साक्षात डीन समोर उभे असताना तो जागचा हलला नव्हता. दोन्ही हातांनी मांडीवरचा कोट धरून होता. मग मला वास आला, आणि खुर्चीखालची फरशी दिसली.

दुपारी एकपासून. म्हातारा माणूस. आणि त्या लायब्ररीत संडास नाही, तो बाहेर अंगणात आहे.

"डीनसाहेब," मी म्हणाले, "तुमचा चहा निवून गेला असेल. तुम्ही व्हा पुढे. मी यांना नेते आणि किल्ली आणून देते."

ते गेले. दार लागल्याचा आवाज आल्यावर मॅलकीनं मान खाली घातली.

"तुझी हाक ऐकली मी, नोरीन," तो म्हणाला. "मुद्दामच बोललो नाही. म्हटलं आधी जरा वाळू दे."

मी माझ्या नवऱ्याची पँट आणली, गरम पाणी आणलं, फरशी पुसली, खुर्ची पुसली. त्यानं हात पुढे केले तेव्हा बघितलं, तळवे दोरानं सोलवटले होते. मला त्या घंटेबद्दल त्याला सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

ईटा आली ती पुढच्या बसनं. बॅलीदूनच्या मुलांच्या आयांना फोन करकरून, शेवटचं पोर घरी पाठवून, सगळ्या कोपऱ्यांत आणि संडासात "आत कुणी आहे का?" असं ओरडून, कुलूप लावून, पुन्हा उघडून, पुन्हा ओरडून आली. जॅसिंटाला तिनं सांगितलं होतं की मॅलकी लायब्ररीत आहेत, आणि घरी यायला थोडा उशीर होईल. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मॅलकी हीटरजवळ बसून टोस्ट खात होता, गोळी घेऊन झाली होती. माझ्या नवऱ्याच्या पँटचे पाय मी खाली दोनदा दुमडले होते, आणि कमरेला माझाच पट्टा. ईटानं ती पँट बघितली. कोपऱ्यातली पिशवी बघितली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि रडू लागली. "मी आत्ता जाते डीनसाहेबांकडे. सगळं सांगते."

"तू कुठेही जायचं नाहीस."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"तुझ्यासाठी?" मॅलकी म्हणाला. "पोरी, तू खरं सांगितलंस की पहिला प्रश्न येईल, म्हातारा इतके तास आत काय करत होता. मग गावभर तेच. जॅसिंटा तर मला एकट्याला अंगणातसुद्धा सोडायची नाही. तुझी नोकरी तू बघ, माझी अब्रू मला राखू दे."

 ईटानं त्याचा फोन त्याच्या हातात दिला, त्यानं तो खिशात ठेवला.

पुढच्या सोमवारी डीनसाहेबांनी समितीपुढे ईटाचं कौतुक केलं. वाचकांच्या अभ्यासासाठी ही मुलगी किती झटते, असं म्हणाले. लायब्ररी चालू ठेवायचं ठरलं. तुटलेल्या दोराच्या जागी ईटानं स्वतः नवा दोर बांधला. मला ही बातमी सांगताना तिचा चेहरा असा होता, जणू तिला नोकरीवरून काढलंय.

आणि मग मंगळवार उजाडला. मॅलकी नेहमीच्या वेळी आला, नेहमीच्या खुर्चीत बसला, आज पाऊस, आज पाऊस आणि वारा, असं उतरवत राहिला. एक वाजायला आला तशी ईटा उठली. आज फक्त दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. नियम गेला खड्ड्यात. ती त्याला तसं सांगणार होती. पण एक वाजायच्या आधीच मॅलकी उठला. रोजनिशी मिटली, कोट घातला, बटणं लावली.

"मॅलकी, बसा ना. मी कुलूप लावत नाही. दारातच बसून जेवते."

"छे गं. तू जा. मी जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो."

"बाहेर पाऊस आहे."

"असतोच," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यावर राग नाही हं माझा, पोरी. खरंच नाही."

ईटा माझ्याकडे आली, पण सँडविच तिनं कागदातून काढलंसुद्धा नाही. आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहिलो. मॅलकी रस्त्यापलीकडे लायब्ररीच्या पडवीत, मोठ्या खटक्याशेजारी उभा होता. पडवीत पाऊस आडवा येतो, त्याचे बूट भिजत होते. मी दार उघडून हाक मारली, आत या, चहा ठेवलाय. त्यानं नको म्हणून हात हलवला. त्या हातात फोन होता.

तेवढ्यात तो हंबरला. रस्त्याच्या अलीकडे आमच्यापर्यंत ऐकू आला. मॅलकीनं तो दुसऱ्यांदा हंबरू दिला नाही. लगेच उचलून दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "हो जॅसिंटा, आहे मी. इथेच आहे. बाहेर आहे."